दोन मालक, एक वाट

सकाळी नऊच्या सुमाराला कल्याणकडून आलेली लोकल घाटकोपरला थांबते, तेव्हा उतरणाऱ्यांतली बरीच माणसं रस्त्याकडे वळतच नाहीत. ती वर चढतात. जिना, पादचारी पूल, पुलावरून मेट्रोच्या इमारतीत शिरणारी वाट, बॅगांची तपासणी आणि मग स्वयंचलित फाटकं. एवढं चालायला काही मिनिटं पुरतात, पण तेवढ्यात प्रवासी एका यंत्रणेच्या ताब्यातून दुसरीच्या ताब्यात गेलेला असतो. सुरुवातीला तो मध्य रेल्वेचा असतो, शेवटी मुंबई मेट्रो वन या कंपनीचा. मधे कुठेतरी पायाखालची फरशी बदलते, दिव्यांचा उजेड बदलतो, पहाऱ्यावरच्या माणसाचा गणवेश बदलतो. चालणारा तिकडे पाहत नाही. त्याच्या लेखी प्रवास एकच आहे, घरापासून कामापर्यंतचा.

मी मुलुंडची आणि माझं ऑफिस चकाल्याला. त्यामुळे ही वाट माझ्या रोजच्या पायाखालची. ज्या जागेवर दोन मालकांची हद्द मिळते, तिथे प्रवाशाची काळजी नेमकी कुणी करायची, हा प्रश्न मला या वाटेनेच घातला. मुंबईच्या उपनगरांत अशा जागा आता झपाट्याने वाढताहेत. म्हणून तो प्रश्न माझ्या एकटीच्या प्रवासापुरता राहिलेला नाही.

मेट्रो नव्हती तेव्हा मुलुंडहून अंधेरी गाठायला दोन वाटा होत्या. एक दादरची: मध्य रेल्वेने खाली दादरपर्यंत यायचं, पूल ओलांडायचा आणि पश्चिम रेल्वेने पुन्हा वर अंधेरीला जायचं. दुसरी घाटकोपरची: तिथे उतरून बेस्टची ३४० नंबरची बस धरायची आणि असल्फा, साकीनाका, मरोळ करत अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या वाहनांच्या रांगेत बसून राहायचं. पावसाळ्यात दोन्ही वाटांचा भरवसा नसे. ऑफिसात उशिरा आलेल्या माणसाने 'साकीनाका' एवढंच म्हटलं तरी पुढचं कुणी विचारत नसे.

याचं मूळ शहराच्या घडणीत आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेली. पुढे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया या दुसऱ्या कंपनीने पश्चिम किनाऱ्याच्या अंगाने आपला मार्ग टाकला आणि १८६७ साली विरारहून त्यावर लोकल सुरू झाली. दोन्ही कंपन्यांचं लक्ष दक्षिणेकडच्या बंदराकडे आणि बाजाराकडे होतं. पूर्वेच्या माणसाला पश्चिमेला काय काम, हा प्रश्न त्या काळी कुणाला पडण्याचं कारण नव्हतं. १९५१ साली या कंपन्यांच्या जागी मध्य आणि पश्चिम रेल्वे आल्या, पण रुळांची दिशा तीच राहिली. कारखाने आणि ऑफिसं अंधेरी, मरोळ, साकीनाक्याकडे सरकली, राहणारी माणसं मुलुंड, भांडुप, डोंबिवलीकडे पसरली, आणि तरीही आडवं जाणारी एकही रेल्वे उपनगरांत नव्हती. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा ते घाटकोपर हा ११.४ किलोमीटरचा, १२ स्टेशनांचा मेट्रो मार्ग सुरू झाला आणि पहिल्यांदा दोन उभ्या रेषांना आडवी रेषा मिळाली. रस्त्याने तास-सव्वा तास खाणारं अंतर एकवीस मिनिटांवर आलं. माझ्यासारख्या हजारो बायकांना त्या दिवसापासून संध्याकाळचा एक तास परत मिळाला. त्या तासात कुणाच्या घरी मुलांचा अभ्यास बसला, कुणी पुन्हा गाण्याच्या क्लासला जाऊ लागली. मेट्रोविषयी पुढे जे लिहिते आहे ते या कृतज्ञतेसकट लिहिते आहे.

मात्र त्या एका दिवसात घाटकोपर आणि अंधेरी या स्टेशनांचं काम बदललं. घाटकोपर तोवर घाटकोपरकरांचं स्टेशन होतं. ज्यांना तिथे जायचंच नव्हतं अशा लाखो माणसांचं ते आता गाडी बदलायचं ठिकाण झालं. त्याचे फलाट, जिने आणि पूल मात्र जुन्या कामाच्या मापाने बांधलेले होते. पुढे पूल वाढवण्याची, रुंद करण्याची कामं हाती घ्यावी लागली, ती याच कारणाने.

या गर्दीचं गणित समजून घेण्यासारखं आहे. बारा डब्यांची लोकल गर्दीच्या वेळी चार-पाच हजार माणसं घेऊन येते. मेट्रोच्या चार डब्यांत दीड हजारांच्या आसपास माणसं मावतात. लोकलला दारं उघडी आणि फलाटही मोकळा. गाडी थांबायच्या आत उतरायला सुरुवात होते आणि मिनिटभरात फलाट भरून वाहू लागतो. मेट्रोत मात्र तपासणी, फाटक आणि मोजून आत सोडणं आहे. लोकल माणसावर विश्वास टाकते आणि क्वचित कधीतरी टीसी पाठवून तो तपासते. मेट्रो प्रत्येकाचं तिकीट पाहूनच फाटक उघडते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य आहेत, दोन्हींमागे अनुभव आहे. पण जिथे त्या एकमेकींना मिळतात तिथे लोकलचा लोंढा मेट्रोच्या बारीक तोंडाशी येऊन थटतो, आणि तो तुंबतो मधल्या पुलावर. म्हणजे दोन्ही यंत्रणा आपापल्या हद्दीत चोख चालल्या तरी मधली जागा अडचणीत येऊ शकते. हद्दीवरचा प्रश्न कुणाच्या हलगर्जीपणाशिवायही जन्माला येतो. जो तो आपापल्यापुरतं पाहतो, एवढंच त्याला पुरतं.

आणखी एक गोष्ट इथे कळीची आहे. लोकलच्या रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, मेट्रोच्या रुळांमधलं १४३५. या दोन गाड्या कधीही एकमेकींच्या रुळांवर येऊ शकणार नाहीत. कल्याणहून निघालेली गाडी घाटकोपरला वळून सरळ वर्सोव्याला गेली, असं आपल्याकडे होणं नाही. हद्द गाडी ओलांडत नाही, माणूस ओलांडतो, आपल्या पायांनी. म्हणून आपल्याकडे दोन मार्ग जोडणं याचा अर्थ पूल, जिने, लिफ्ट, फलक आणि तिकीट नीट करणं. अभियंत्यांच्या आराखड्यात ही किरकोळ कामं वाटतात आणि शेवटाला उरतात. खरं पाहता सगळी जोडणी त्यांतच आहे.

हद्दीवर एकत्र नांदणं मुंबईला नवं नाही, आणि याचा आपल्याला विसर पडला आहे. अंधेरी स्टेशनचंच उदाहरण घ्या. हार्बर मार्गाची गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून निघते, वडाळ्यावरून फुटून माहीमकडे येते आणि वांद्रे, अंधेरी करत २०१८पासून गोरेगावपर्यंत जाते. गाडी मध्य रेल्वेची, मोटरमन आणि गार्डही तिचेच. पण वांद्र्यापुढची स्टेशनं आणि रूळ पश्चिम रेल्वेचे. एका रेल्वेची माणसं दुसरीच्या सिग्नलवर विसंबून रोज गाड्या चालवतात, आणि आतल्या प्रवाशाला हद्द कुठे ओलांडली याचा पत्ता नसतो. दोन रेल्वेंचे रिवाज इतके वेगळे की रविवारच्या दुरुस्तीला एकीकडे मेगाब्लॉक म्हणतात आणि दुसरीकडे जंबो ब्लॉक. तरी गाडी धावते. यामागे किती करार, किती वेळापत्रकांचा मेळ आणि रोजचे किती फोन असतील, याची कल्पना आपण करत नाही. करावी लागत नाही, हेच त्या व्यवस्थेचं यश.

तिकिटाचंही तेच. मुलुंडहून बोरिवलीला जायचं तर एकच तिकीट निघतं. दादरला गाडी बदला, रेल्वे बदला, खिशातला कागद तोच. दादरमार्गे पास काढणाऱ्या कित्येक पिढ्या झाल्या. त्यांतल्या कुणाला आपल्या पैशांतले किती मध्य रेल्वेकडे गेले आणि किती पश्चिमेकडे, असा प्रश्न पडला नसेल. ती वाटणी पडद्याआड होते, आणि तिची जागा तिथेच आहे.

तरी दादरला एक गोष्ट राहून गेली होती. दोन्ही रेल्वेंचे फलाट आपापल्या एकपासून मोजले जात. त्यामुळे एकाच स्टेशनात एक नंबरचे दोन फलाट, दोन नंबरचे दोन. 'चार नंबरला भेट' असं सांगितलं की 'सेंट्रलच्या की वेस्टर्नच्या' हे विचारावंच लागे. बाहेरगावहून आलेला माणूस सामान घेऊन चुकीच्या फलाटावर उभा राहायचा. ९ डिसेंबर २०२३पासून पश्चिम रेल्वेचे फलाट एक ते सात तसेच ठेवून मध्य रेल्वेच्या फलाटांना आठ ते चौदा नंबर दिले गेले. रूळ हलवावे लागले नाहीत, नवं बांधकाम करावं लागलं नाही. लागले ते फलक, घोषणा आणि दोघांनी मिळून घेतलेला एक निर्णय. एवढ्या साध्या गोष्टीला इतकी दशकं का लागली? मला वाटतं, आपापल्या हद्दीत कुणाचंच काही अडत नव्हतं, म्हणून. अडत होतं ते फक्त प्रवाशाचं, आणि प्रवासी दोन्ही कार्यालयांपैकी कुठेच बसत नाही.

काही वेळा याची किंमत फार मोठी असते. २९ सप्टेंबर २०१७च्या सकाळी पश्चिम रेल्वेचं एल्फिन्स्टन रोड आणि मध्य रेल्वेचं परळ यांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं गेली. पाऊस अचानक आला, माणसं जिन्यावर आडोशाला थांबली, मागून गाड्यांमागून गाड्यांची गर्दी येत राहिली. हे झालं त्या दिवसाचं कारण. त्याच्या मागे वर्षानुवर्षांचं दुसरं कारण होतं. परळ-लोअर परळच्या गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी ऑफिसांचे मनोरे आले आणि पूल मात्र गिरणीच्या काळातल्या मापाचाच राहिला. तो रुंद करा, असं प्रवासी आधीपासून सांगत होते. नंतर लष्कराने तिथे पाच महिन्यांत नवा पूल उभा केला. म्हणजे लोखंड होतं, कारागीर होते, तंत्र होतं. ती निकड आधी कुणाच्या टेबलावर येऊन बसली नव्हती.

अंधेरीचा गोखले पूल हे दुसरं उदाहरण. ३ जुलै २०१८च्या सकाळी या पुलाचा पादचारी भाग खालच्या रुळांवर कोसळला. माणसं जखमी झाली, जीव गेला, पश्चिम रेल्वे काही तास ठप्प झाली. त्यानंतरची पहिली चर्चा पूल कुणाचा यावर झाली: रेल्वेचा की महापालिकेचा? रुळांवरचा भाग कुणी पाहायचा, दोन्ही बाजूंचा कुणी? नोव्हेंबर २०२२मध्ये तो पूल बंद झाला. नव्या पुलाची एक बाजू फेब्रुवारी २०२४मध्ये खुली झाली तेव्हा दिसलं की शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची पातळी जुळत नाही. रुळांवरच्या पुलांची उंची रेल्वेच्या नव्या निकषांमुळे वाढली होती, बर्फीवाला पूल जुन्या पातळीवर होता. शेवटी त्याचा भाग जॅक लावून उचलावा लागला आणि जुलै २०२४मध्ये दोन्ही पूल जोडले गेले. प्रत्येक यंत्रणेकडे आपापलं कारण होतं, आणि ते कागदावर बरोबरही असेल. तरीही अंधेरीच्या लोकांनी दोन पुलांमधली फट डोळ्यांनी पाहिली. हद्दीवर कुणी एक जबाबदार नसला की काय होतं, हे त्या फटीइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

चाळीत वाढलेल्यांना हे लगेच उमगेल. खोलीतला दिवा गेला तर माणूस त्याच संध्याकाळी बदलतो, जिन्यावरचा दिवा मात्र महिना महिना गेलेला राहतो. ज्या चाळीत जिन्याची पाळी ठरलेली असते, तिथेच तो लागतो. चाळकऱ्यांच्या चांगुलपणावर सोडून चालत नाही, पाळी लावावी लागते.

जपानने ही पाळी फार पूर्वी लावली. टोकियोच्या शिंजुकु स्टेशनात पाच वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या येतात: जेआर ईस्ट, ओडाक्यू, केइओ, टोकियो मेट्रो आणि तोएई. रोजचे प्रवासी तीस लाखांच्या पुढे, बाहेर पडायची तोंडं दोनशेच्या वर. जगातलं सर्वांत गजबजलेलं स्टेशन म्हणून त्याची नोंद आहे. या कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक आहेत, आणि तरी त्यांनी काही गोष्टी मिळून ठरवल्या आहेत. १९६० साली तोएईच्या भुयारी मार्गावर केइसेइ या खासगी कंपनीच्या गाड्या सरळ आत येऊ लागल्या. त्यासाठी केइसेइने आदल्या वर्षी आपल्या मार्गावरच्या रुळांमधलं अंतरच बदलून घेतलं होतं. दुसऱ्याशी जोडून घ्यायचं म्हणून चालता मार्ग उकलून पुन्हा टाकायचा, यात केवढी तयारी आहे! आज टोकियोत अशा कित्येक गाड्या हद्दीवरच्या स्टेशनात थांबतात, एका कंपनीचा चालक उतरतो, दुसरीचा चढतो आणि गाडी पुढे जाते. प्रवासी जागचा हलत नाही.

मार्च २००७मध्ये जेआर ईस्टचं सुइका आणि बाकीच्या कंपन्यांचं पास्मो ही दोन कार्डं एकमेकांच्या फाटकांवर चालू लागली. २०१३मध्ये देशभरातली दहा प्रमुख कार्डं अशीच जोडली गेली. मला सगळ्यांत जास्त भावते ती मात्र तिथली दुसरी एक रीत. एखादा मार्ग बंद पडला तर त्या मार्गाचं तिकीट किंवा पास असलेल्या प्रवाशाला शेजारच्या कंपन्या आपल्या गाडीतून जास्तीचे पैसे न घेता पोचवतात. पैशांचा हिशेब कंपन्या आपसांत करतात. संकट एका कंपनीचं असलं तरी अडकलेला माणूस सगळ्यांचा, असं तिथे आधीच ठरलेलं आहे.

तिथे सगळंच आलबेल आहे असंही नाही. हाराजुकु आणि मेइजी-जिंगुमाए ही स्टेशनं अगदी लागून आहेत, पण कंपन्या वेगळ्या म्हणून नावंही वेगळी. नवख्या माणसाला हे सांगावं लागतं. शिंजुकुच्या भुयारी वाटांत टोकियोची माणसंही चुकतात. तरी मतभेद, स्पर्धा आणि वेगळे मालक असूनही काय ठरवता येतं, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. आपल्या मेट्रो तीनला जपानच्या जायका या संस्थेने कर्ज दिलं आहे. पैशांबरोबर हा धडाही घेतला तर बरं होईल.

हे तातडीचं आहे, कारण एकट्या अंधेरीत आज पाच यंत्रणांच्या गाड्या धावतात. शिंजुकुइतक्याच. पश्चिम रेल्वे आणि हार्बरची मध्य रेल्वे या दोन जुन्या. तिसरी मेट्रो वन. चौथी महा मुंबई मेट्रो, जिचे २ए आणि ७ हे मार्ग २०२२मध्ये सुरू झाले आणि जानेवारी २०२३मध्ये अंधेरीपर्यंत आले. पाचवी मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशन, जिचा भुयारी तीन नंबरचा मार्ग ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झाला, मरोळ नाक्याला मेट्रो वनला भेटतो आणि ऑक्टोबर २०२५पासून थेट कफ परेडला जातो. मरोळ नाक्याला एक मेट्रो खांबांवर आणि दुसरी जमिनीखाली आहे. चढउतार मोठा आहे, पण चकाल्याच्या माणसाला एक गाडी बदलून चर्चगेट परिसरात पोचता येतं, हे दहा वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर कुणी मानलं नसतं.

नावांचा गोंधळ मात्र आपण करून ठेवला आहे. मेट्रो वनचं 'डी. एन. नगर' आणि २एचं 'अंधेरी पश्चिम' ही स्टेशनं पुलाने जोडलेली आहेत. तसंच 'पश्चिम द्रुतगती मार्ग' आणि 'गुंदवली'. ज्याला रेल्वेचं अंधेरी हवं आहे तो २एने येऊन 'अंधेरी पश्चिम'ला उतरतो आणि रेल्वे शोधू लागतो. रेल्वे तिथे नसते. त्याने पूल ओलांडून मेट्रो वन धरायची आणि 'अंधेरी'ला उतरायचं असतं. बोरिवलीचंही तसंच. मेट्रोचं बोरिवली पश्चिम लिंक रोडवर आणि रेल्वेचं बोरिवली वेगळ्याच जागी, मधलं अंतर रिक्षाचं. नकाशावर ही नावं शेजारी शेजारी दिसतात. आईला हाताशी धरून चालणाऱ्याला मात्र ती शेजारी वाटत नाहीत.

असंच एक कुटुंब मी एका जोडस्टेशनावर पाहिलं. सत्तरीच्या पुढची आई, हातात काठी, सोबत मुलगा आणि सून. एका यंत्रणेच्या लिफ्टने ती तिघं पुलावर आली. दुसऱ्या यंत्रणेची लिफ्ट पुलाच्या पार दुसऱ्या टोकाला होती, आणि मधे चार पायऱ्या. चारच. धडधाकट माणूस त्या मोजतही नाही. म्हातारीने काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "अरे, तू पुढे हो, मी आपली बसून उतरते." ती खरंच बसली. एकेक पायरी हातांवर भार देत उतरली, आणि मागच्या गर्दीने आपणहून वाट वाकडी केली. कॉलेजातल्या एका मुलीने तिची पिशवी घेतली, ऑफिसच्या बॅगा पाठीवर असलेल्या दोघांनी मागून येणाऱ्यांना थोपवलं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. दोन्ही लिफ्ट चालू होत्या. दोन्ही कार्यालयांच्या कागदांवर त्या स्टेशनात वृद्धांची सोय पूर्ण झालेली असणार. मधल्या चार पायऱ्या कुठल्याच कागदावर नव्हत्या.

मुंबईची माणसं अशी जोड रोज आपल्या अंगावर घेतात. "मेट्रो कुठे, काकू?" असं विचारणाऱ्याला लेडीज डब्यातून उतरलेली बाई चालता चालता "या माझ्या मागे" म्हणते आणि फाटकापर्यंत सोडते. पाऊस वाढून कुर्ला-शीव पट्ट्यात पाणी भरलं की लोकलवाल्यांना मेट्रोतून आलेली माणसं सांगतात आणि मेट्रोवाल्यांना लोकलमधली. बहुतेक जोडस्टेशनांवर आपली गाडी किती वाजता आहे ते कळतं, पलीकडची बंद आहे का हे मात्र मोबाइलवर शोधावं लागतं. या शहाणपणाचं मला फार मोल वाटतं. पण लोक निभावून नेतात म्हणून व्यवस्थेने निर्धास्त राहावं, हे मला मान्य नाही. एल्फिन्स्टनच्या पुलावरही लोक वर्षानुवर्षं निभावूनच नेत होते.

काही चांगल्या गोष्टी घडताहेत. ऑक्टोबर २०२५मध्ये आलेल्या 'मुंबई वन' या ॲपने अकरा सार्वजनिक वाहतूक यंत्रणा एका ठिकाणी आणल्या: लोकल, मेट्रो, मोनो, बेस्ट आणि आसपासच्या महापालिकांच्या बससेवा. पडद्यावर का होईना, हद्दी पुसायला सुरुवात झाली. त्याआधी १९९९ साली रेल्वे मंत्रालय आणि राज्य सरकार यांनी मिळून मुंबई रेल्वे विकास महामंडळ उभं केलं होतं. दोन सरकारांना एका कामासाठी एक घर बांधता येतं, हे तेव्हाच सिद्ध झालं. तिकिटाची जोड त्या मानाने सोपी, कारण ती आकड्यांत होते. पायांची जोड अवघड, कारण ती जागेवर, सिमेंटमध्ये आणि रोजच्या देखरेखीत करावी लागते.

माझं मागणं त्याबद्दल आहे, आणि ते फार खर्चाचं नाही. प्रत्येक जोडस्टेशनाला एक अधिकारी असावा. दोन्ही-तिन्ही यंत्रणांनी मिळून नेमलेला, पुलापासून फाटकापर्यंतच्या सगळ्या वाटेचा जबाबदार, आणि ज्याचं नाव व फोन नंबर त्याच वाटेवरच्या फलकावर लिहिलेला आहे असा. एका बाजूला गाड्या अडल्या तर दुसऱ्या बाजूच्या फलाटावर ते सांगायची जबाबदारी त्याची असावी. लिफ्टपासून लिफ्टपर्यंत एकही पायरी न चढता-उतरता जाता येतं का, हे त्याने वर्षातून एकदा काठी टेकणाऱ्या माणसाला सोबत घेऊन पाहावं. आणि एक मार्ग बंद पडला तर दुसऱ्याने त्याचे पासधारक न्यावेत, हिशेब मागाहून व्हावा, एवढा करार मुंबईतल्या यंत्रणांनीही करावा.

घाई अशासाठी की आता ज्या जोडण्या व्हायच्या आहेत त्या अजून आपल्या हातात आहेत. वडाळ्याहून घाटकोपर, मुलुंड करत ठाण्याकडे जाणाऱ्या चार नंबरच्या मेट्रोचे खांब एलबीएस रस्त्यावर उभे आहेत. लोखंडवाला ते विक्रोळी हा सहा नंबरचा मार्ग पुन्हा एकदा पश्चिमेला पूर्वेशी बांधणार आहे. या स्टेशनांतून रेल्वेकडे जाणारी माणसं कुठून चालतील, कुठल्या जिन्याने उतरतील, त्यांच्या स्टेशनाला काय नाव असेल आणि त्या वाटेचा दिवा गेला तर कुणाला फोन करायचा, हे पहिली गाडी धावायच्या आधी ठरवता येतं. नंतर ठरवायला गेलो तर पूल जॅक लावून उचलावे लागतात. मालक पाच असले तरी हरकत नाही. त्यांच्यामधल्या वाटेला उत्तर देणारा माणूस एक असला पाहिजे, आणि तो आज नेमता येतो.